माळरान 'पडीक' कधी झालं?

आज इतिहास ऐकायचाय, पण राजाचा नाही, गवताचा.

एसटीनं पुण्याहून सोलापूरला जाताना खिडकीतून पिवळं, उघडं माळरान दिसतं. आपण सहज म्हणतो, "काय ओसाड जमीन!" हा 'ओसाड' शब्द आला कुठून?

आधी थोडं भूगोलाचं. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला फलटणला जा, तर तो 500 च्या आसपास. सह्याद्रीनं ढग अडवलेले असतात. एवढ्या पावसावर घनदाट जंगल उभं राहत नाही. तिथे गवत वाढतं, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. हवामान आणि मातीनुसार जमलेल्या सजीवांच्या अशा मोठ्या वस्तीला बायोम म्हणतात. आपला माळ म्हणजे सव्हाना, हो, आफ्रिकेत असतो तोच प्रकार! जंगल तोडून उरलेली जागा नव्हे. संशोधकांनी अलीकडे जुन्या मराठी ओव्या आणि चरित्रं चाळली, तर शेकडो वर्षांपूर्वीच्या वर्णनांतही हीच काटेरी झाडं सापडली.

मराठेशाहीत गवताची किंमत ठाऊक होती. घोडदळ चाऱ्यावर चालायचं, म्हणून कुरणं राखून ठेवली जात. धनगरांची मेंढरं याच माळावर जगली.

मग इंग्रज आले. त्यांचा हिशेब सरळ: शेतसारा देते ती जमीन कामाची, लाकूड देतं ते जंगल कामाचं. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारचा हक्क बसवला. गवत दोन्ही खात्यांत बसेना, ते 'वेस्टलँड' ठरलं. इंग्रज गेले, शब्द राहिला. 1985 मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आलं, वर्षाला 50 लाख हेक्टरवर झाडं लावायचं लक्ष्य घेऊन. हेतू चांगलाच होता. पण माळावर ग्लिरिसिडिया लावला की सावलीत गवत मरतं, हे कुणी विचारलं नाही. (कॉलेजात असताना मीपण हौसेनं माळावर खड्डे खणलेत. सेल्फीसकट.)

गंमत बघा, गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वरून दिसत नाही, म्हणून मोजलाही जात नाही.

आणि माळढोक? 1979 मध्ये सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य झालं. हा पक्षी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. शेती, कालवे, विजेच्या तारा आणि लागवडी यांत त्याची मोकळी जागा आटत गेली. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला, तर पेपरात बातमी येते.