अणूच्या आधी तराजू

शाळेच्या रसायनशास्त्रात अणू फार लवकर भेटतो. शिक्षक सांगतात, मुले वहीत उतरवून घेतात. ‘पण हे कळले कसे?’ असा प्रश्न एकदा माझ्या घरीच मला विचारला गेला, तेव्हा माझी एम.ए.ची पदवी मुळीच उपयोगी पडली नाही. कचेरीतल्या टिपणीत आम्ही आधी आधार नोंदवतो, मग निर्णय लिहितो; पाठ्यपुस्तकात मात्र निर्णय प्रथम येतो आणि आधार बहुधा येतच नाही. इतिहासात हा क्रम सरळ आहे. तेथे अणूच्या आधी तराजू आहे.

स्पेनमध्ये अध्यापन करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने १७९९ साली तांब्याच्या हिरव्या कार्बोनेटाविषयी आपले निष्कर्ष मांडले. तांबे गंधकाम्लात विरघळवा की नत्राम्लात, १०० भार तांब्यापासून हा हिरवा पदार्थ १८० भारच मिळे. खाणीत सापडणारे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत केलेले, दोहोंतील घटकांचे प्रमाण तेच. सरबतात चिमूटभर साखर अधिक पडली तरी ते सरबतच राहते. शुद्ध संयुगाला असा सैलपणा चालत नाही.

बेर्तोलेला हे मान्य नव्हते. नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला हा मोठ्या अधिकाराचा शास्त्रज्ञ म्हणे की, संयुगातील प्रमाण परिस्थितीनुसार बदलते. उदाहरणे त्याच्यापाशी होतीच. प्रूस्तने एकेक तपासले. कथिलाची ऑक्साइडे दोनच. त्यांच्या मधली म्हणून दाखवली जाणारी ही त्या दोहोंची मिश्रणे, असे त्याने सिद्ध केले. कित्येक वर्षे चाललेल्या या वादात सभ्यता सुटली नाही, हेही सांगण्याजोगे. (पुढे काही घन पदार्थांत प्रमाण खरोखरच बदलते असे आढळले, आणि त्यांना बेर्तोलेचेच नाव मिळाले!)

प्रमाण ठरलेले असते. पण ते का? मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून उपजीविका चालवणाऱ्या जॉन डाल्टनने याचे उत्तर १८०८ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले. ३ भार कार्बनाशी ४ भार ऑक्सिजन संयोग पावला तर एक वायू होतो, ८ भार पावला तर दुसरा. ४ ची बरोबर दुप्पट. ठरावीक वजनाचे कण जोडले जात असतील, एकाशी एक किंवा एकाशी दोन, तर असेच घडणार. कारण अर्धा कण जोडता येत नाही. अणू हा शब्द आपल्याकडे वैशेषिक दर्शनापासून चालत आला आहे. त्याला वजन मात्र या तराजूने दिले.

त्या वजनांत डाल्टन चुकलाही. पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू त्याने धरला, त्यामुळे ऑक्सिजनचे वजन त्याला ७ मिळाले. हा घोळ पुढे अर्धशतक चालला. १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेतही एकमत झाले नाही. परंतु निघताना अनेकांच्या हाती कानिझारो या इटालियन प्राध्यापकाची एक लहानशी पुस्तिका पडली, आणि ती वाचून गुंता सुटू लागला. १८५८ सालची ती पुस्तिका म्हणजे जेनोवा येथे विद्यार्थ्यांना हा विषय कोणत्या क्रमाने शिकवावा, याची रूपरेषा होती.