प्रांतसीमा आणि कॉफीचा पेला

जबलपूर हे मुळातच वाटसरूंचे नगर. नर्मदेच्या परिक्रमावासीयांना ते शतकानुशतके ठाऊक होते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १८१७ पर्यंत होता, आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग याच ठिकाणी सांधला गेला. पुढे गोंदियाहून सातपुडा ओलांडणाऱ्या अरुंद मार्गाने मराठी मुलूख जबलपूरच्या आणखी जवळ आला.

अशा नगराचा पाहुणचार एकाच मातीतला असणे शक्य नव्हते. कमानिया गेटच्या परिसरात प्रवाशाच्या हाती पडते ती खव्याची जिलबी. मैद्याऐवजी खवा व आरारूट वापरून केलेली ही जिलबी काळपट तपकिरी, जाडसर आणि आतून मऊ असते. ही या भूमीची खूण. तिच्या जोडीला येथे रुजली ती कॉफी मात्र दूर दक्षिणेची.

या कॉफीमागे एका संघर्षाचा इतिहास आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाऊस निघाले. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ही कॉफीगृहे बंद करण्याचे धोरण स्वीकारले आणि कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था उभारल्या. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला स्थापन झाली. जबलपूरलाही अशीच संस्था उभी राहिली आणि तिच्या शाखा मध्य प्रदेश व छत्तीसगडभर पसरल्या. काल जो हुकमाचा ताबेदार होता, तोच तुरेदार फेटा बांधून आता स्वतःच्या मालकीच्या उपाहारगृहात डोसा आणि कॉफी आणून ठेवू लागला.

या घटनांचा काळ लक्षणीय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर जबलपूरपासून तुटले, आणि नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. ज्या वर्षांत भाषा सीमा ठरवीत होती, त्याच वर्षांत मल्याळम बोलणारे कामगार हिंदी मुलखात आपले बिऱ्हाड मांडीत होते. येथील मराठी कुटुंबेही सीमेपलीकडे राहिली, परंतु परकी झाली नाहीत.

या सरमिसळीची साक्ष साहित्यातही मिळते. मराठी मातृभाषेचे गजानन माधव मुक्तिबोध चाळीशीच्या दशकात काही काळ जबलपुरात होते. ते हिंदीचे थोर कवी ठरले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. नेपियर टाउनमध्ये राहून हरिशंकर परसाई यांनी हिंदी व्यंगलेखनाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि १९८२ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळविला.

नेपियर टाउनमध्ये उतरणारा प्रवासी सकाळी कॉफी घेतो आणि सायंकाळी जिलबी. त्यांतले देशी कोणते आणि आगंतुक कोणते, हा प्रश्न त्याला पडत नाही. राज्यांच्या सीमा नकाशावर आखाव्या लागतात. अन्नाला तशी सीमा नसते. जे पिढ्यान्‌पिढ्या आपुलकीने वाढले जाते, तेच कालांतराने त्या गावचे होते.