रुळावरचा माणूस : रेल्वे कायद्याच्या चार ओळी

(1989 च्या रेल्वे कायद्यातील ओळींचा आशय सोप्या मराठीत दिला आहे.)

'अधिकार नसताना जो कोणी रेल्वेच्या हद्दीत शिरेल…' (कलम 147)

'जो कोणी' यात सगळे आले. नवी मुंबईत रबाळे, घणसोली, कोपरखैरणे इथे रुळांच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखाने आहेत, पश्चिमेला वस्ती. शिफ्ट सुटल्यावर स्टेशनापर्यंतचा वळसा टाळून कामगार मधूनच रूळ ओलांडतो आणि या कलमात सापडतो. तो का शिरला, हे कलम विचारत नाही. इथे मी कायद्याच्या बाजूने आहे. मोटरमनला गाडी वळवता येत नाही, ब्रेक लावला तरी ती बरीच पुढे जाऊन थांबते. ओलांडणाऱ्याची ही जबाबदारी नगररचनेवर ढकलता येणार नाही.

'…त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.'

ही शिक्षा वाचलेल्याला. जो वाचत नाही त्याची रेल्वे पोलिसांकडे अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते.

'रेल्वेची चूक असो वा नसो, प्रवाशास भरपाई द्यावी.' (कलम 124-अ)

1994 साली आलेले हे कलम उदार आहे. गर्दीत लोकलच्या दारातून पडून कोणी गेला, तर रेल्वेचा दोष सिद्ध न करताही वारसांना 2017 पासून आठ लाख रुपये मिळू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आणखी स्पष्ट केले : चढता-उतरताना झालेला अपघातही यात येतो आणि केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा बुडत नाही. मात्र रेल्वेच्या हद्दीत मृतदेह मिळाला, एवढ्यावरून तो प्रवासी ठरत नाही.

रेल्वे दावा न्यायाधिकरणातले बरेच भांडण याच फटीत चालते. दोन स्टेशनांच्या मध्ये देह मिळाला, पाहणारा कोणी नाही. तो गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता? पडला असेल तर आठ लाख, ओलांडत असेल तर या कलमाखाली काहीच नाही. शिवाय मृत्यू स्वतःच्या गुन्हेगारी कृत्यामुळे झाल्यास प्रवाशालाही भरपाई नाही, आणि रेल्वेचे वकील त्या अपवादात कलम 147 बसवू पाहतात. घाईत लिहिलेल्या पंचनाम्यातल्या एका वाक्यावर घराचे भवितव्य टांगणे मला अन्यायाचे वाटते.

'केंद्र सरकार रेल्वेला कुंपण घालण्यास सांगू शकेल.' (कलम 18)

'शकेल' म्हणजे सरकारला अधिकार मिळाला, पण रूळ ओलांडताना गेलेल्याच्या वारसांना या ओळीवरून थेट पैसे मागता येत नाहीत. त्यांच्यासाठी 1855 चा प्राणांतिक अपघातांचा कायदा आणि दिवाणी न्यायालय उरते. तिथे रेल्वेचा निष्काळजीपणा त्यांनाच सिद्ध करावा लागतो, आणि मृताचा स्वतःचा दोषही मोजला जातो.

तो जरूर मोजावा. पण भिंतीला भगदाड असेल, त्यातून पायवाट पडली असेल, रोज माणसे जाताना दिसत असतील, तर हा धोका रेल्वेला ठाऊक होता असेच न्यायालयाने धरावे. म्हणून अपघातानंतर लगेच, डागडुजी होण्याआधी, त्या भगदाडाचे फोटो काढावेत आणि त्याबद्दल पूर्वी कोणी अर्ज दिला असेल तर त्याची पोच मिळवावी.