ब्रेक नृत्य

ब्रेक नृत्य : अमेरिकेत उगम पावलेला एक पथनृत्यप्रकार. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात १९७०–८० या दशकात आफ्रिकी-अमेरिकन व पोर्तो रीकन तरुणांनी तो घडविला. जमेकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ कूल हर्क ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका निवासी इमारतीतील मेळाव्यात ध्वनिमुद्रिका वाजवीत होता; हिपहॉपचा प्रारंभ सामान्यतः या दिवसापासून मानतात. गीतातील गायन थांबून केवळ ताल उरतो, त्या तुकड्यास ‘ब्रेक’ म्हणतात. नर्तकांना हाच तुकडा हवा असतो, हे हेरून हर्कने एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती आलटून-पालटून वाजवून तो लांबविला. त्यावर नाचणारे ते ‘बी-बॉय’ व ‘बी-गर्ल’. ‘ब्रेकडान्स’ हे नाव पुढे वृत्तपत्रांनी व चित्रपटांनी रूढ केले. जाणकार नर्तक ‘ब्रेकिंग’ म्हणतात.

नर्तक प्रथम उभ्याने पदन्यास करतो, मग हात जमिनीस टेकवून पाय वर्तुळाकार फिरवितो. पाठीवर वा डोक्यावर गरगर फिरणे हे नंतरचे अंग. अखेरीस तालाच्या नेमक्या ठोक्यावर शरीर एखाद्या अवघड स्थितीत गोठविले जाते. दोन गट समोरासमोर येऊन आळीपाळीने नाचतात. या झुंजीत प्रतिस्पर्ध्यास स्पर्श करावयाचा नसतो. जेम्स ब्राउनचे पदन्यास आणि कुंग-फू चित्रपट यांचा प्रभाव आद्य नर्तकांनीच मान्य केला आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या रॉक स्टेडी क्रू या गटामुळे हे नृत्य ब्राँक्सबाहेर पोहोचले.

भारतात मात्र आधी शब्द आला. मेरी जंग (१९८५) मधील जावेद जाफरी व इल्जाम (१९८६) मधील गोविंदा यांच्यामुळे महाराष्ट्रातील स्नेहसंमेलनांतही ‘ब्रेक’ शिरले. परंतु त्यात भर होता तो कॅलिफोर्नियातील पॉपिंगच्या यांत्रिक झटक्यांवर व मायकेल जॅक्सनच्या मागे सरकणाऱ्या चालीवर. जमिनीवरचे मूळ नृत्य मुंबईत रुजले ते एकविसाव्या शतकात. आंतरजालावरील चित्रफिती पाहून धारावीसारख्या दाट वस्त्यांतील मुलांनी ते आत्मसात केले. त्यास ना शुल्क लागते ना वाद्य. लागते ती सपाट जमीन, आणि अशा वस्तीत तीच दुर्मिळ. रेड बुल बीसी वन या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाली. नेदर्लंड्सचा मेनो तीत विजयी ठरला.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) ब्रेकिंगचा प्रथमच समावेश झाला. जपानची आमी व कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके मिळविली. भारताचा नर्तक त्यांत नव्हता. २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून ते वगळण्यात आले आहे.