शिक्षकाविना जर्मन : ब्रिटनमधील स्वयंअध्ययन आणि शालेय परीक्षा

ब्रिटनमध्ये शिक्षकाशिवाय, पुस्तकावरून जर्मन शिकण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. तिथल्या जुन्या शाळांत तेव्हा लॅटिन आणि ग्रीक यांचे राज्य होते. जर्मन शिकवणारा माणूस मोठ्या शहरातही सहज मिळत नसे, आणि मिळाला तरी त्याची फी कारकुनाच्या किंवा कारागिराच्या मुलाला परवडत नसे. पुढे लेखक म्हणून गाजलेला थॉमस कार्लाईल 1819 च्या सुमारास एका परिचिताला फ्रेंच शिकवून त्याच्याकडून जर्मनची तोंडओळख करून घेत होता. पुढचे सारे त्याने व्याकरण आणि शब्दकोश यांच्या बळावर केले. 1824 साली त्याने केलेला ग्योटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’चा अनुवाद प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत एवढी मजल सगळ्यांना साधत नाही, पण वाट आहे हे त्यातून दिसले.

ही वाट सोपी करणारी पुस्तके जर्मनांनीच लिहिली. योहान फ्रान्त्स आन आणि हाइनरिश ओलेनडॉर्फ यांनी 1830 च्या दशकात जी पद्धत आणली तिच्यात एका वेळी व्याकरणाचा एकच लहान मुद्दा, मोजके शब्द आणि त्यांवर बेतलेली भाषांतराची भरपूर वाक्ये असत. सहा महिन्यांत भाषा येईल असे ओलेनडॉर्फचे पुस्तक सांगत असे. त्यातल्या वाक्यांना संदर्भ नसे. कोणाची टोपी, कोणाची सुरी, शेजाऱ्याचा घोडा अशी ती चालत राहत. तरीही एकट्याने शिकणाऱ्याला त्यांचा मोठा आधार वाटे, कारण सरावाच्या उत्तरांचे पुस्तक वेगळे विकत मिळे. आपले वाक्य बरोबर की चूक हे सांगायला घरात कोणी नसताना ते पुस्तकच शिक्षकाची जागा घेई. जर्मनमध्ये याची गरज जास्तच. नामाचे लिंग, त्यामागोमाग बदलणारे उपपद आणि विशेषण, गौण वाक्यात शेवटी जाणारे क्रियापद यांपैकी काहीही अंदाजाने जमत नाही. लक्षपूर्वक ताडून पाहणाऱ्यालाच ते साधते.

1852 साली लंडनच्या जॉन कॅसल याने ‘पॉप्युलर एज्युकेटर’ हे साप्ताहिक सुरू केले. एक पेनी किमतीच्या या अंकांत गणित, लॅटिन आणि भूगोल यांच्या जोडीला जर्मनचे धडेही क्रमशः येत. डॉर्सेटमधला शाळकरी टॉमस हार्डी, जो पुढे कादंबरीकार झाला, त्याने जर्मनला सुरुवात याच साप्ताहिकावरून केली. आठवड्याला एक पेनी एवढ्याच खर्चात खेड्यातल्या मुलाच्या हाती युरोपातली एक मोठी भाषा पडू लागली, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती.

मात्र शिकलेले सिद्ध करायला जागा नव्हती. ती 1858 साली एकदम दोन ठिकाणी तयार झाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी त्या वर्षी शालेय वयाच्या मुलांसाठी ‘लोकल’ परीक्षा सुरू केल्या. केंब्रिजच्या पहिल्या परीक्षेला डिसेंबरमध्ये आठ शहरांतून 370 मुले बसली; प्रश्नपत्रिकांच्या कुलूपबंद पेट्या घेऊन परीक्षक रेल्वेने त्या त्या गावी गेले. मुलींना 1863 मध्ये प्रायोगिक आणि 1865 पासून नियमित प्रवेश मिळाला. त्याच वर्षी, म्हणजे 1858 मध्ये, लंडन विद्यापीठाने नव्या सनदेनुसार आपल्या परीक्षा कॉलेजात न जाणाऱ्यांसाठीही खुल्या केल्या. तिथल्या मॅट्रिक्युलेशनमध्ये फ्रेंच किंवा जर्मन हा विषय होता. मराठी घरांत पुढे दीर्घकाळ दबदबा राहिलेली ‘मॅट्रिक’ही याच वळणाची, कारण 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची रचना लंडनच्या नमुन्यावर होती.

लंडनच्या परीक्षेत उमेदवार कुठे शिकला असे कोणी विचारत नसे. उत्तरपत्रिकेत काय आहे एवढेच पाहिले जाई. स्वयंअध्ययनाला यापेक्षा मोठा आधार दुसरा मिळाला नाही. आणि परीक्षेने जे मागितले त्याप्रमाणे पुस्तकेही बदलली. प्रश्न व्याकरणाचे आणि उताऱ्याच्या भाषांतराचे असत, त्यामुळे नियम, अपवाद आणि भाषांतर यांवर भर देणारी पुस्तके चालली. एमिल ओट्टोचे, हायडेलबर्गच्या युलिउस ग्रोस यांनी छापलेले जर्मन व्याकरण त्यांत प्रसिद्ध होते. मद्रास इलाख्यात नोकरी केलेल्या टॉमस प्रेंडरगास्टने 1860 च्या दशकात वेगळा मार्ग सुचवला: थोडी पण लांब वाक्ये जिभेवर इतकी बसवायची की त्यांचे तुकडे जोडून नवी वाक्ये आपोआप सुचावीत. बोलण्यासाठी हा मार्ग चांगला होता. पण परीक्षेत बोलायचे नसल्याने परीक्षार्थी व्याकरणाकडेच वळत राहिले.

लिपीचीही एक अडचण होती. जर्मन छपाई बहुतांशी फ्राक्टुर या टोकदार वळणाच्या अक्षरांत होई. तिच्यात ‘एस’ आणि ‘एफ’, ‘बी’ आणि ‘व्ही’ यांत नवख्याची गल्लत ठरलेली. हस्तलेखनाचे वळण आणखी निराळे. नाझी राजवटीने जानेवारी 1941 मध्ये फ्राक्टुर बंद करण्याचा हुकूम काढला, तोवर परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांचे कष्ट अक्षरांवरच घालावे लागत.

शतकाच्या उत्तरार्धात टपालाने शिक्षक घरी आणला. बर्लिनमध्ये गुस्टाफ लांगेनशाइट याने 1856 पासून भाषेचे धडे पत्रांच्या रूपात छापायला सुरुवात केली होती. प्रत्येक शब्दाखाली उच्चार दाखवण्याची पद्धत त्याने शार्ल तुसाँ याच्यासह बसवली. इंग्लंडात विल्यम ब्रिग्जने 1887 मध्ये लंडनच्या परीक्षांसाठी ‘युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज’ काढले. विद्यार्थी उत्तरे पाठवी, तपासून आलेल्या वहीत चुका आणि त्यांची कारणे लिहिलेली असत. उत्तरांच्या पुस्तकाला जे कधी जमले नव्हते ते इथे झाले: चूक का झाली हे कळू लागले.

कान मात्र उपाशीच होता. ‘ह्यूगो’ या स्वयंशिक्षणाच्या मालिकेतल्या पुस्तकांत जर्मन शब्दांखाली इंग्रजी वळणाने उच्चार छापत. त्यातून साधणारा उच्चार ओबडधोबड असे. 1901 मध्ये स्थापन झालेल्या लिंग्वाफोनने मेणाच्या नळकांड्यांवर, पुढे तबकड्यांवर, जर्मन माणसाचा आवाज घरात आणला. तबकड्यांचा संच महाग असल्याने तो थोड्यांच्याच हाती पडला.

पहिल्या महायुद्धात जर्मन शिकण्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आधुनिक भाषांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या लीथ्स समितीने 1918 च्या अहवालात त्यांच्या दुरवस्थेची नोंद घेतली. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘स्कूल सर्टिफिकेट’मध्ये ठरावीक गटांतले किमान पाच विषय एकदम उत्तीर्ण व्हावे लागत. फक्त जर्मन घेऊन बसण्याची सोय तिच्यात नव्हती. ती 1951 मध्ये ‘ओ लेव्हल’ने दिली: एकेक विषय स्वतंत्रपणे आणि खासगी उमेदवार म्हणून देता येऊ लागला. नोकरी करणारे, शाळा अर्धवट सुटलेले आणि निवृत्त लोकही 1938 पासून निघत असलेल्या ‘टीच युअरसेल्फ’ मालिकेतले पुस्तक घेऊन तयारी करत. दोन्ही दिशांनी भाषांतर, श्रुतलेखन आणि छोटी तोंडी परीक्षा असे या परीक्षेचे साधारण रूप होते. भर लेखी भागावर असल्याने बोलण्यात कच्चा राहिलेला माणूसही निभावून जाई.

1988 मध्ये ‘जीसीएसई’ आली आणि ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही कौशल्यांना महत्त्व मिळाले. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. भाषा मुळात बोलण्यासाठी असते. एकट्याने शिकणाऱ्याला मात्र तो जड गेला. 2009 पासून आलेल्या, शाळेच्या देखरेखीखालील मूल्यमापनामुळे बाहेरच्या उमेदवाराची कोंडी आणखी वाढली. 2018 च्या परीक्षेपासून ती पद्धत गेली आणि चारही भागांना प्रत्येकी 25 टक्के गुण ठरले. तरीही तोंडी परीक्षा घेणारा जर्मनचा शिक्षक लागतोच, आणि त्याची तयारी असलेले केंद्र उमेदवाराला स्वतः शोधावे लागते. इंग्लंडमध्ये 2004 पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर परकीय भाषा ऐच्छिक झाल्याने जर्मनचे विद्यार्थी खूप घटले आहेत आणि अशी केंद्रेही विरळ होत गेली आहेत. 2026 पासूनच्या नव्या परीक्षेत वरच्या स्तरासाठी 1,700 शब्दांची यादी आधीच दिलेली असते, त्यामुळे घरी शिकणाऱ्याला काय पाठ करायचे हे नेमके कळते. त्याच परीक्षेत श्रुतलेखन आणि मोठ्याने वाचन यांनाही स्थान आहे.