अतिपातळ स्मार्टफोन

सुमारे ६ मिलिमीटर (मिमी) किंवा त्याहून कमी जाडीचे स्मार्टफोन. ही मर्यादा बाजाराच्या व्यवहारातून रूढ झालेली असून सर्वसाधारण फोनची जाडी ७ ते ९ मिमी असते. कंपन्या सांगतात ती जाडी फोनच्या सर्वांत पातळ भागाची असते. कॅमेऱ्याचा उंचवटा तीत धरत नाहीत. ॲपलच्या आयफोन एअरची जाहीर जाडी ५.६ मिमी आहे, पण कॅमेऱ्यापाशी तो जवळपास दुप्पट जाड भरतो.

पातळपणाची पहिली शर्यत साधारण २०१२ ते २०१६ या काळात झाली आणि ती मुख्यतः चिनी कंपन्यांनी रंगवली. २०१४ साली जिओनीचा ईलाइफ एस५.५, ओपोचा आर५ (४.८५ मिमी) आणि व्हिवोचा एक्स५ मॅक्स (४.७५ मिमी) लागोपाठ आले. भारतात मायक्रोमॅक्सने २०१५ मध्ये ५.१ मिमी जाडीचा, अवघ्या ९७ ग्रॅम वजनाचा कॅनव्हास स्लिव्हर ५ काढला. या फोनांच्या बॅटऱ्या २००० मिलिअँपिअर-तासांच्या (एमएएच) आसपास होत्या. दिवसभर वापरणाऱ्याला त्या पुरत नसत. २०१४ मध्येच ७.१ मिमीचा आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या आणि पुढच्या वर्षीच्या फोनसाठी ॲपलने अधिक मजबूत ॲल्युमिनियम वापरले. त्यानंतर ग्राहकांची पसंती मोठ्या बॅटरीकडे आणि अनेक कॅमेऱ्यांकडे वळली, तसे फोन पुन्हा जाड झाले. दुसरी शर्यत २०२५ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस२५ एज (५.८ मिमी) आणि आयफोन एअर यांनी सुरू केली.

पातळपणाची किंमत नेमकी किती, हे सॅमसंगच्याच दोन फोनांवरून स्वच्छ दिसते. एस२५ प्लस आणि एस२५ एज या दोघांचा पडदा ६.७ इंची आहे. प्लसची जाडी ७.३ मिमी, वजन १९० ग्रॅम आणि बॅटरी ४९०० एमएएच. एजची अनुक्रमे ५.८ मिमी, १६३ ग्रॅम आणि ३९०० एमएएच. जाडी एक-पंचमांश घटली आणि बॅटरीही जवळजवळ तेवढीच घटली. शिवाय दूरचे टिपणारा टेलिफोटो कॅमेरा गेला. भिंग आणि संवेदक यांच्यात ठरावीक अंतर लागतेच, त्यामुळे कॅमेऱ्याला जाडीत फारशी काटकसर करता येत नाही. आयफोन एअरमध्ये मागे एकच कॅमेरा आणि एकच स्पीकर आहे; सिम कार्डाची खाच नसून केवळ ई-सिम चालते. कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याची सवय असलेल्या भारतीय ग्राहकाला ही अडचण रोज जाणवू शकते.

पातळपणाचा फटका मजबुतीलाही बसतो. एकसंध पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी ८ वरून ५.६ मिमीवर आणली की तो सुमारे एक-तृतीयांश उरतो. एस२५ एज आणि आयफोन एअर या दोन्ही फोनांच्या चौकटी टायटॅनियमच्या आहेत, त्यामागे हे कारण आहे. उष्णता पसरायलाही जागा कमी पडते. बराच वेळ गेम खेळल्यास प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो.

एवढे असूनही अतिपातळ फोनचे आकर्षण खोटे नाही. मोठ्या पडद्याचे फोन २०० ग्रॅमच्या पुढे गेले आहेत आणि एका हाताने फार वेळ धरले की मनगट व करंगळी दुखू लागते. खरा लाभ वजनाचा आहे. मिलिमीटरचा आकडा प्रामुख्याने जाहिरातीच्या कामाचा. कव्हर घातले की बहुतेक मिलिमीटर परत येतात, हलकेपणा मात्र बराचसा टिकतो. म्हणून खरेदी करताना जाडीआधी वजन पाहणे शहाणपणाचे.

बाजारात पेच येतो तो दामाचा. भारतात एस२५ प्लस ९९,९९९ रुपयांना आला आणि एज १,०९,९९९ रुपयांना. आयफोन १७ ची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती, तर एका कॅमेऱ्याच्या एअरची १,१९,९०० रुपये. कमी मिळवण्यासाठी जास्त मोजायला फार थोडे ग्राहक तयार होतात. एज आणि एअर या दोन्ही फोनांना अपेक्षेहून कमी मागणी असल्याच्या बातम्या २०२५ मध्येच येऊ लागल्या.

ही ओढाताण कमी करू शकेल असे तंत्र म्हणजे सिलिकॉन-कार्बन बॅटरी. सिलिकॉन नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा कितीतरी अधिक लिथियम साठवतो. पण चार्ज होताना फुगत असल्याने त्याला कार्बनच्या जाळीत आवरावे लागते. चिनी कंपन्यांनी २०२३ पासून तो फोनमध्ये आणला. घडीच्या फोनांना तर पातळपणा आवश्यकच आहे, कारण तिथे जाडी दुप्पट होते. सॅमसंगचा २०१९ चा पहिला गॅलेक्सी फोल्ड मिटल्यावर बिजागरीपाशी १७.१ मिमी भरत असे; २०२५ चा झेड फोल्ड ७ मिटल्यावर ८.९ आणि उघडल्यावर ४.२ मिमी भरतो. त्यासाठी पडद्याखालचा एक थर काढावा लागला आणि त्याबरोबर एस पेन या लेखणीने लिहिण्याची सोय गेली.