औषधाचे कूळ की औषधाची शुद्धता?

वनस्पतीतून काढलेले औषध अस्सल आणि जनुके बदललेल्या यीस्टने टाकीत बनवलेले नकली, म्हणून धोक्याचे, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही दृढ आहे. त्यामागची निसर्गावरची श्रद्धा आदरणीय आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

सदाफुलीचेच पाहा. अंगणात फुलणाऱ्या या झुडपात कर्करोगावरचे व्हिन्ब्लास्टिन असते; पण ते इतके अल्प, की एका ग्रॅमसाठी 500 किलोहून अधिक वाळलेली पाने लागतात. त्यातही इतर अनेक अल्कलॉइडांपासून ते रसायनांच्या साहाय्याने वेगळे करावे लागते. म्हणजे पानातले औषधही कारखान्यातूनच येते. 2022 मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी अमेरिकी शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्यासह यीस्टमध्ये वनस्पतींची 34 जनुके बसवली आणि व्हिन्डोलिन व कॅथरँथिन हे घटक मिळवले. रासायनिक क्रियेने ते जोडल्यावर व्हिन्ब्लास्टिन तयार झाले. त्यातले अणू तेच, त्यांची मांडणीही तीच. मग ते नकली कसे?

धोक्याचे म्हणावे, तर मधुमेहींचे इन्शुलिन 1982 पासून जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडून मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हेपटायटिस-बी लसही यीस्टमध्येच घडते.

याहून वजनदार आक्षेप औषधी वनस्पती पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटाचा. पण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा अनुभव काय सांगतो? 2013 मध्ये सनोफी कंपनीने इटलीतील गारेस्सिओ येथे यीस्टच्या मार्गाने त्याचे मोठे उत्पादन सुरू केले. पुढे शेतातल्या आर्टेमिसिनिनचा भाव घसरला आणि यीस्टच्या मालाला त्याच्याशी स्पर्धा करता आली नाही. 2022 च्या प्रयोगात व्हिन्ब्लास्टिनच्या घटकांचे उत्पादन तर लिटरमागे मायक्रोग्रॅममध्येच होते. यीस्ट उद्याच शेती गिळेल ही भीती आज तरी निराधार आहे. मात्र पीक बुडाले, पुरवठा आटला, तर रुग्णाला दुसरा मार्ग उरावा, एवढ्यासाठीही हे संशोधन हवे.

शिवाय यीस्टमध्ये बसवलेली ती जनुके वनस्पतींकडूनच आली आहेत. एखादी जाती नष्ट झाली, तर तिच्यातली अजून न वाचलेली रसायनविद्याही कायमची जाईल. म्हणून वनस्पतीप्रेमींनी या संशोधनाकडे शत्रू म्हणून पाहू नये. जंगले राखण्याच्या मागणीला ते बळच देते. औषधाची परीक्षा शुद्धता, गुण आणि गरिबाला परवडणारी किंमत या तीन कसोट्यांवर व्हावी. त्याच्या कुळावर नव्हे.